तीन पाने आणि चिंचोके

तीन पानी, म्हणजे फ्लश, हा निव्वळ नशिबाचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हणून ठेवले आहे. कौशल्याचा मान मिळाला तो रमीला! तरीही कुंभार पिंपळगावच्या ओसरीवर दिवाळीच्या रात्री चिंचोके घेऊन बसलेल्या नवशिक्याच्या हाती एक गोष्ट उरतेच: कोणत्या पानांवर खेळायचे आणि कोणती टाकायची.

बावन्न पानांतून तिनांच्या २२,१०० जुळण्या होतात. त्यांतल्या १६,४४० मध्ये साधी जोडीही नसते. म्हणजे चार डावांतले जवळजवळ तीन सोडायचेच. पण डाव सोडणे धर्मराजालाही जमले नाही, तिथे आमची भाचेमंडळी काय करणार? एक्का दिसला की त्यांना धीर निघत नाही. सोबतीला सत्ती आणि तिर्री असेल, तर तो एक्का केवळ शोभेचा! पाच जणांच्या डावात उरलेल्या चौघांपैकी कुणाकडे तरी जोडी किंवा त्याहून सरस पाने असण्याचा संभव शेकडा सत्तरच्या आसपास असतो.

त्यातून घरच्या डावात चालीला मर्यादा. दोन चिंचोक्यांना भिऊन मावशी थोडीच उठणार? तिथे हूल देऊन उपयोग नाही. म्हणून गुलामाच्या जोडीपासून पुढे हिमतीने खेळावे. दुर्री-तिर्रीच्या जोडीवर एखादी चाल करावी, आणि दोघे-तिघे हटेनात, तर मुकाट्याने पाने पालथी घालावीत.