नाव बुधवारात, बिऱ्हाड धायरीत

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला पुण्याच्या बुधवार पेठेत केंद्रापासून थोड्या अंतरावर पक्षांची टेबलं लागतात. टेबलावर यादीचे गठ्ठे, पट्टी, पेन, चिठ्ठ्या. कार्यकर्ता पट्टी एकेक ओळ खाली सरकवत नावं वाचतो आणि मध्येच शेजारच्याला सांगतो, ‘हे सिंहगड रोडला गेले. हे धायरीत. हे वारले.’ यादीत पत्ता अजून वाड्याचाच असतो. वाडा पडून त्या जागी इमारत उभी राहिली, खाली दुकानं आली, तरी यादीतलं बिऱ्हाड हललेलं नाही.

आमच्या घरी हे दोन्ही बाजूंनी घडलं. वडिलांना जाऊन चार वर्षं झाली तरी त्यांचं नाव यादीत होतं, आणि लग्नानंतर पलीकडच्याच आळीत राहणाऱ्या बहिणीचं नाव गळालं होतं. हातात ओळखपत्र घेऊन ती केंद्राच्या दारातून परत आली. तो संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुण्यात मतदान कमी झालं की पुणेकर सुटी साधून बाहेरगावी गेला, असं म्हणायची पद्धत पडली आहे. 2019 ला पुणे लोकसभेत निम्म्याहून कमी मतदान झालं, 2024 ला ते 53 टक्क्यांच्या पुढे गेलं. बोल मात्र दोन्ही वेळा तोच. पेठांपुरता तरी मला हा बोल अन्यायाचा वाटतो. टक्केवारी काढताना भागायचं असतं यादीतल्या नावांनी, आणि आमच्या यादीत गावाबाहेर राहायला गेलेले आहेत, स्वर्गवासी आहेत, दुबार आहेत. जे खरोखर इथं राहतात त्यांतले कितीतरी त्या यादीत नाहीत.

बुधवार पेठ कसबा मतदारसंघात येते. कसबा म्हणजे भाजपचा बालेकिल्ला, हे आता पाठ झालेलं वाक्य आहे. 1995 पासून 2019 पर्यंत गिरीश बापट इथून सलग पाच वेळा आमदार झाले, त्यांच्यामागून मुक्ता टिळक आल्या. त्यामुळे ते खोटं म्हणता येत नाही. पण 1985 ला इथं काँग्रेसचे उल्हास काळोखे निवडून आले होते. इथले आमदार अण्णा जोशी 1991 ला खासदार झाल्यावर लागलेल्या पोटनिवडणुकीतही काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले आणि बापट हरले. त्याआधीचं पुणं तर समाजवाद्यांचंही होतं: 1957 ला ना. ग. गोरे, 1967 ला एस. एम. जोशी याच शहरातून लोकसभेत गेले.

मुक्ता टिळकांचं डिसेंबर 2022 मध्ये निधन झालं आणि 26 फेब्रुवारी 2023 ला, रविवारी, पोटनिवडणूक झाली. भाजपची उमेदवारी टिळकांच्या घरात न जाता हेमंत रासने यांना मिळाली, त्यावरून पेठेत कुजबुज होती. आजारी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीत बसून प्रचाराला आले. पुढच्याच महिन्यात ते गेले. यादी पावणेतीन लाखांची, मतदान जेमतेम निम्मं. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजारांनी जिंकले आणि ‘कसबा फिरला’ असे मथळे झाले.

खरंच फिरला का? 20 नोव्हेंबर 2024 ला हेच दोघं पुन्हा समोरासमोर आले. धंगेकरांना पोटनिवडणुकीत 73 हजार मतं होती, आता 70 हजार. रासने मात्र 62 हजारांवरून 90 हजारांवर गेले आणि 19 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. मतपेटी कुणाचं मन दाखवत नाही, शिवाय पोटनिवडणुकीत मनसेचा उमेदवार नव्हता, म्हणून ठामपणे बोलू नये. तरी माझं वाचन असं की कसब्यात पारडं फिरवतो तो घरी बसलेला किंवा धायरीहून रिक्षा करून आलेला मतदार. पेठेतला कार्यकर्ता ज्याला ‘मतदार बाहेर काढणं’ म्हणतो, ते काम इथं भाषणापेक्षा मोठं आहे.

महापालिकेचं दुखणं निराळं. 2017 नंतर पुढचं मतदान थेट जानेवारी 2026 मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होता. ड्रेनेज तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हे तुळशीबागेतल्या दुकानदाराला कळत नव्हतं. ज्या मुलीला 2018 मध्ये अठरा वर्षं पूर्ण झाली, तिनं नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं ते पंचविशी ओलांडून.

आणि यादीबाहेरचे? दगडूशेठ गणपतीपासून दोन मिनिटांवर देहविक्रीच्या ज्या गल्ल्या आहेत, तिथल्या बायका पेठेत कित्येकांपेक्षा जुन्या रहिवासी आहेत. पण खोलीचा करार नाही, विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर, गावाकडचं नाव केव्हाच कमी झालेलं. बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये सांगितलं, की देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड द्या. आदेश झाला, पण तो गल्लीतल्या जिन्यापर्यंत कुणीतरी चालत न्यावा लागतो.

एका नोंदणीच्या दिवशी मी अशाच एका जिन्याखाली सहा नंबरचा फॉर्म भरून देत बसलो होतो. नातेवाइकाच्या नावाच्या रकान्यापाशी एक बाई थांबली. वडील की नवरा, मी विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. आईचंही चालतं, म्हटल्यावर तिनं आईचं नाव सांगितलं, आणि ते बरोबर लिहिलंय ना, हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.