कम्युनिटी कॉलेजने कमवायचं, पण कोणाच्या जीवावर?

माझा पीएच.डी.चा विषय ऐकला की अंबडमधले ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात, "कॉलेजने धंदा करायचा का मग?" प्रश्न खोचक आहे, पण चुकीचा नाही. आज त्याचंच संशोधनाच्या प्रश्नात रूपांतर कसं करायचं ते पाहू.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत १९०१ साली जोलिएट इथे पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज सुरू झालं. तिथली अशी कॉलेजं पुढे बरीचशी स्थानिक करांच्या पैशावर उभी राहिली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना राबवली. कल्पना तीच: परिसरातल्या गरजेप्रमाणे छोटे, कौशल्याचे अभ्यासक्रम. फरक असा की आपल्या कॉलेजामागे स्थानिक कराचा आधार नाही. योजनेचा निधी असतो तोवर अभ्यासक्रम चालतो. आमच्या भागातल्या एका कॉलेजात मी हे पाहिलंय. निधी थांबला, कंत्राटी शिक्षक गेले आणि मशीनवर कापड टाकलं गेलं. नुकसान कोणाचं? ज्याला छत्रपती संभाजीनगर-पुण्याला खोली करून राहणं परवडत नाही, त्या पोराचं.

मग कॉलेजने स्वतः कमवावं का?

ही चर्चा नवी नाही

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं होतं की शिक्षण हस्तोद्योगातून द्यावं आणि त्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा. योजना आखायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने योजनेला पाठिंबा दिला, पण आपल्या अहवालातच एक धोका नोंदवून ठेवला: आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक उद्दिष्टाचा बळी जाऊ शकतो. माझा अख्खा प्रबंध या एका इशाऱ्याभोवती फिरतो म्हटलं तरी चालेल.

महाराष्ट्रात याची दोन मोठी उदाहरणं आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापली. 'कमवा व शिका'मध्ये विद्यार्थी श्रम करून स्वतःच्या शिक्षणाचा भार उचलत. दुसरं उदाहरण पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे विद्यार्थी वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती हे सगळं खऱ्या कामातून शिकतात. गावातल्या माणसाचं काम करून द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. यात एक बारीक मुद्दा आहे. पैसे मोजणारं गिऱ्हाईक वाकडं गेट घेणार नाही. म्हणजे परीक्षा आपोआपच होते.

नवख्या संशोधकाची पहिली चूक इथेच होते. या दोघांना आणि विनाअनुदानित कॉलेजाला तो 'स्वयंअर्थसहाय्यित' या एकाच खणात टाकतो. फी वाढवून खर्च भागवणं, विद्यार्थ्याने श्रमातून स्वतःची फी भागवणं आणि संस्थेने सेवा किंवा माल विकून कमावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींत पैसा वेगळ्या खिशातून येतो. व्याख्या आधी, आकडे नंतर.

मोसंबीच्या रोपांचा हिशेब

आता अंबडचं उदाहरण घेऊ. मोसंबी म्हणजे जालना जिल्ह्याची ओळख, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. समजा, इथल्या एका कम्युनिटी कॉलेजने रोपवाटिकेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला. पुढचे आकडे काल्पनिक आहेत, फक्त रीत समजण्यासाठी.

रोपं २,०००, दर ६० रुपये. जमा १,२०,०००. पिशव्या, माती, खत, औषध मिळून खर्च ४०,०००. नफा ८०,०००! अहवालात हेच छापलं जाईल.

आता विद्यार्थ्यांचे तास मोजा. २० विद्यार्थी, १०० दिवस, रोज एक तास, म्हणजे २,००० तास. आठ तासांचा दिवस धरला तर २५० मजुरीचे दिवस. ३०० रुपये रोजाने ७५,०००. उरले ५,०००. त्यात शिक्षकाचा पगार नाही, जमिनीचं भाडं नाही, मेलेली रोपं नाहीत. म्हणजे तो 'नफा' बहुतेक पोरांचे हातच होते.

दुसरी अडचण वेळेची. आधी जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचं खुंट वाढवायचं, मग त्यावर मोसंबीचा डोळा भरायचा, मग रोप विक्रीला तयार होईपर्यंत सांभाळायचं. यात वर्षाहून जास्त काळ जातो. अभ्यासक्रम मात्र एका वर्षाचा. म्हणजे या बॅचने केलेल्या कामाचे पैसे पुढच्या बॅचला दिसणार. आणि मे महिन्यात सुट्टी लागल्यावर पाणी कोण घालणार? म्हणून फिरता निधी लागतो: आधी भांडवल, विक्रीचे पैसे पुन्हा त्याच खात्यात. कृषी विज्ञान केंद्रं बियाणं आणि रोपं विकताना अशाच निधीवर काम करतात. जालन्याजवळ खरपुडीला असं केंद्र आहे, तेव्हा अभ्यासाला लांब जायची गरज नाही.

शिकणं कुठे संपतं?

आता कोणी म्हणेल, "ते तास मजुरी कशी? ते तर प्रात्यक्षिक होतं." बरोबर. सुरुवातीचे शंभर डोळे भरताना पोरगं शिकतच असतं. पण हजारावा डोळा भरताना? तिथे ते शिकत नसून राबत असतं.

ही रेषा कुठे ओढायची, हाच माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न आहे. आणि ती मोजता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने भरलेल्या डोळ्यांपैकी किती लागले, याची आठवड्याला नोंद ठेवा. सुरुवातीला टक्केवारी चढत जाईल, मग एका पातळीवर स्थिर होईल. आलेख सपाट झाला की त्यापुढचे तास मजुरीत धरा आणि विद्यार्थ्याला मोबदला द्या, नाहीतर पुढचं काम शिकवा: गिऱ्हाइकाशी बोलणं, दर ठरवणं, वही लिहिणं. तोही उद्योजकतेचाच भाग आहे.

याला मर्यादा आहेत. हवामानामुळेही डोळे लागत नाहीत, त्यामुळे त्याच दिवशी अनुभवी कारागिराने भरलेल्या डोळ्यांशी तुलना ठेवावी लागते. शिवाय सगळं शिकणं टक्केवारीत मावत नाही, म्हणून मुलाखतीही हव्यात.

तुम्ही असा विषय घेणार असाल तर 'स्वावलंबी शिक्षण शक्य आहे का?' असा ढगळ प्रश्न लिहू नका. असं लिहा: 'अमुक उत्पन्नात विद्यार्थ्यांच्या बिनपगारी तासांचा वाटा किती, आणि त्यातले शिकण्याचे किती?' मग कॉलेजात गेल्यावर वार्षिक अहवालाच्या आधी हजेरीपट आणि स्टॉक रजिस्टर मागा. रोपं पिशवीत भरताना पोरांशी बोला. नफा कुठून आला ते अहवालापेक्षा तीच जास्त नेमकं सांगतात.