जुना ई-मेल सर्व्हर बदलताना : आखणी दरेकसापासून व्हावी

दरेकसा (जि. गोंदिया) : मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर गोंदियाहून पूर्वेकडे निघाले की आमगाव व सालेकसा मागे पडते आणि जंगलाचा डोंगराळ प्रदेश सुरू होतो. या भागात दरेकसा हे महाराष्ट्राच्या हद्दीतील शेवटचे स्थानक लागते. त्यापुढील बोरतलाव आणि डोंगरगड ही स्थानके छत्तीसगढमध्ये मोडतात. कचारगडच्या गुहांमुळे गोंड समाजाला हा परिसर पूज्य आहे, तर हाजरा धबधब्यामुळे पर्यटकांना परिचित आहे. कार्यालयाचा ई-मेल सर्व्हर बदलण्यासारख्या विषयाचे विवेचन या आडबाजूच्या स्थानकापासून कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या परिसराच्या रेल्वेच्या इतिहासातच सापडते.

नागपूर ते राजनांदगाव हा मार्ग प्रथम मीटरगेज होता. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो आपल्या ताब्यात घेतला आणि १८८८ पर्यंत त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले. (नागपूर धर्मप्रांताची स्थापनाही १८८७ चीच, हा एक योगायोग.) दुसरे उदाहरण तर अनेक वाचकांनी स्वतः अनुभवले असेल. गोंदिया-जबलपूर हा जुना नॅरोगेज मार्ग एका दमात बदलला गेला नाही. गोंदिया-बालाघाट हा तुकडा आधी ब्रॉडगेज झाला. बालाघाटपुढे मात्र २०१५ पर्यंत छोटी गाडीच धावत होती. संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज होण्यास २०२१ साल उजाडले. मधल्या काळात बालाघाट हे दोन मापांच्या सांध्याचे स्थानक होते. तेथे प्रवासी उतरत, सामान उचलत आणि दुसऱ्या गाडीत बसत. तो सांधा नीट चालला तरच प्रवास पुरा होई.

याउलट इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने मे १८९२ मध्ये आपल्या उरलेल्या रुंद मार्गाचे माप एका शनिवार-रविवारी बदलून टाकले. त्यासाठी हजारो कामगार रुळांवर उतरवले होते आणि पूर्वतयारी कित्येक महिने चालली होती. ई-मेल सर्व्हर बदलण्याच्याही याच दोन रीती आहेत : एक शनिवार-रविवारची, दुसरी बालाघाटची.

आता आपल्या कार्यालयांकडे वळू. धर्मप्रांताचे कार्यालय, शाळा, दवाखाने, समाजसेवा केंद्रे, वसतिगृहे यांचा बहुतेक पत्रव्यवहार आज ई-मेलने चालतो. शाळेच्या मान्यतेची पत्रे, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, परकीय देणगी नियमन कायद्याखालील नोंदणीच्या नूतनीकरणाविषयीच्या सूचना, विवाहापूर्वी एका धर्मग्रामाने दुसऱ्याकडे केलेली चौकशी, हे सर्व कोणाच्या तरी पत्रपेटीत येऊन पडते. ज्या संगणकावर या पत्रपेट्या असतात आणि जो पत्रे स्वीकारून योग्य पेटीत टाकतो, तो सर्व्हर. अनेक संस्थांनी असा सर्व्हर पूर्वी आपल्याच कार्यालयातील एका खोलीत बसवला होता. तो आता बदलणे भाग आहे. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या २०१६ व २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्यांचा नेहमीचा पुरवठा थांबला. मार्च २०२१ मध्ये याच प्रकारच्या सर्व्हरमधील उणिवांचा फायदा घेऊन जगभर हजारो कार्यालयांच्या पत्रपेट्यांत घुसखोरी झाली होती. तेव्हा जुना सर्व्हर ‘चालतो आहे ना’ म्हणून तसाच ठेवणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

मोठ्या प्रमाणावरील स्थलांतराचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या पत्रपेट्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या व्यवस्थेतून तामिळनाडूतील झोहो कंपनीच्या व्यवस्थेत नेण्यात आल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठीचे कंत्राट २०२३ मध्ये दिले गेले होते. कर्मचाऱ्यांचे पत्ते मात्र बदलले नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घर बदलले, दारावरचा क्रमांक तोच राहिला. चांगल्या स्थलांतराची पहिली अट हीच आहे.

हे कसे साधते? प्रत्येक डोमेनच्या नावापुढे इंटरनेटवर एक नोंद असते : या नावाची पत्रे अमुक सर्व्हरकडे द्यावीत. जगभरातील सर्व्हर ही नोंद वाचतात आणि ठरावीक काळ स्मरणात ठेवतात. हा काळ पुष्कळदा २४ तासांचा असतो. म्हणून नोंद बदलण्याच्या काही दिवस आधीच तो पाच मिनिटांवर आणून ठेवावा लागतो. अन्यथा नोंद बदलूनही एक दिवस काही पत्रे जुन्या घरी व काही नव्या घरी जात राहतात.

लहान कार्यालयास, समजा दहा-बारा पत्रपेट्या असल्यास, शनिवार-रविवारची रीत पुरेशी आहे. परंतु पेट्या जास्त, गावे अनेक आणि जाणकार माणूस एकच, अशी स्थिती असेल तर टप्प्याटप्प्याने जाणेच आम्हांस योग्य वाटते. यात आज पाच जण, पुढच्या आठवड्यात पंधरा जण, असे नव्या सर्व्हरवर जातात, आणि तोवर दोन्ही सर्व्हर एकाच नावाने शेजारी शेजारी चालतात. या सहवासाच्या काळातच बहुतेक घोटाळे होतात. पेट्या हलविण्याचे काम यंत्र करते. बालाघाटचा सांधा माणसाला आखावा लागतो.

सर्वांत सामान्य घोटाळा असा. नव्या सर्व्हरला सांगितले जाते की, या डोमेनचा मालक तू आहेस. मग अजून जुन्याच सर्व्हरवर असलेल्या एखाद्या मुख्याध्यापिका भगिनींच्या नावे पत्र आले की नवा सर्व्हर आपल्या यादीत पाहतो, नाव सापडत नाही आणि पाठविणाऱ्याला ‘असा कोणी येथे नाही’ असे उत्तर देतो. भगिनींना याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नव्या सर्व्हरला नियम घालून द्यावा लागतो की, जे नाव तुझ्याकडे नाही ते पत्र जुन्याकडे सोपव. मात्र हाच नियम दोन्हीकडे घातला, तर अनोळखी नावाचे पत्र दोघांमध्ये टोलवले जात राहते. शेवटचा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दोहोंपैकी एकालाच असावा.

येथे ई-मेलचा एक गुण सांगितला पाहिजे, कारण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. सर्व्हर काही काळ पूर्ण बंद असला तरी पत्र लगेच हरवत नाही. पाठविणारा सर्व्हर ते आपल्याकडे ठेवतो आणि साधारणतः चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण ‘असा कोणी नाही’ हे उत्तर एकदा मिळाले की तो प्रयत्न सोडतो. त्यामुळे शंका आली तर दार काही तास बंद ठेवलेले परवडते. चुकीचे उत्तर परवडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. काही सर्व्हर कार्यालयातल्या कार्यालयात गेलेल्या पत्रांवर नेहमीच्या पत्त्याऐवजी स्वतःची अंतर्गत खूण ठेवतात. स्थलांतरानंतर कोणी अशा जुन्या पत्राला उत्तर दिले की ते परत येते, आणि नवा पत्ता बरोबर असूनही असे का होते हे कोणाला उमगत नाही. उपाय सोपा आहे : प्रत्येक पेटीची ती जुनी खूण नव्या सर्व्हरवर दुसरे नाव म्हणून नोंदवून ठेवावी.

आता दरेकसाचा मुद्दा. स्थलांतराची आखणी सहसा शहरातल्या कार्यालयात बसून होते. तेथे वेग चांगला असतो, वीज असते आणि अडचण आली तर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारता येते. राज्याच्या सीमेवरच्या एखाद्या गावात वसतिगृह किंवा आरोग्य केंद्र चालविणाऱ्या कार्यकर्त्याची स्थिती वेगळी असते. समजा, ४० पेट्या आहेत आणि प्रत्येकीत ५ जीबी मजकूर आहे, म्हणजे एकूण २०० जीबी. शहरातील कार्यालयाची पाठविण्याची गती सेकंदाला १० मेगाबिट धरली तर हे सर्व जायला किमान ४४ तास लागतात. रोज रात्री आठ तास चालविले तर सहा रात्री. हे जमण्यासारखे आहे. पण सीमेवरच्या गावी मोबाईलच्या जोडणीवर १ मेगाबिट मिळत असेल, तर एकट्या ५ जीबीला ११ तासांहून अधिक हवेत, आणि तेही जोडणी एकदाही न तुटता.

बरे, त्या गावातील पत्रे सर्व्हरवर असतातच असेही नाही. जोडणी महाग व मंद होती त्या काळात अनेकांनी संगणकाची मांडणी अशी केली होती की पत्रे एकदा उतरवून घेतली की सर्व्हरवरून पुसली जात. दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एकाच संगणकाच्या डिस्कवर राहतो. शहरातून पाहणाऱ्याला ती पेटी रिकामी दिसते आणि तो तिला ‘सोपी’ म्हणून यादीत प्रथम घालतो. वास्तविक तीच सर्वांत अवघड असते. नवी मांडणी करताना जुना कार्यक्रम काढून टाकला किंवा संगणकच बदलला, तर त्या केंद्राचा सारा लेखी इतिहास जातो. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे पत्र, जमिनीच्या कागदासंबंधी तहसील कार्यालयाशी झालेला व्यवहार यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. म्हणून आमचे मत असे की, आखणीच्या पहिल्या आठवड्यात एका जाणत्या व्यक्तीने बाह्य डिस्क घेऊन अशा केंद्रांवर प्रत्यक्ष जावे, पत्रे उतरवून घ्यावीत आणि शहरातल्या चांगल्या जोडणीवरून ती नव्या पेटीत भरावीत. गाडीने डिस्क नेणे हे मागासलेपणाचे लक्षण नाही. अनेक मोठ्या कंपन्याही भरपूर मजकूर असेल तेव्हा हेच करतात.

कोणाला कोणत्या टप्प्यात घ्यावे? पहिल्या तुकडीत तक्रार करण्यास न संकोचणारे चार-पाच जण असावेत, आणि त्यांतील एक तरी दूरच्या केंद्रावरचा असावा. केवळ नागपुरात यशस्वी झालेली चाचणी दरेकसाबद्दल काहीच सांगत नाही. जे एकमेकांची पत्रपेटी किंवा दिनदर्शिका पाहतात, उदाहरणार्थ बिशपस्वामी व त्यांचे सचिव, त्यांना एकाच दिवशी न्यावे. दोन सर्व्हरांच्या आरपार अशी परवानगी बहुधा टिकत नाही. हिशेब विभागाला मार्चअखेरीस हात लावू नये. पवित्र सप्ताह, नाताळ आणि जूनमधील शाळाप्रवेशाचे दिवस टाळावेत हे सांगावयास नकोच. जंगलपट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये वीज व जोडणी वारंवार जाते, तेव्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो.

या दिवसांत फसवणुकीचा धोकाही वाढतो. ‘तुमची पेटी हलविली जात आहे, येथे क्लिक करून पासवर्ड द्या’ अशी खोटी पत्रे नेहमीच फिरत असतात. स्थलांतर चालू असताना ती खरी वाटतात. म्हणून सूचना ई-मेलने न देता छापील परिपत्रकाने व दूरध्वनीने द्याव्यात, आणि आरंभीच स्पष्ट करावे की कार्यालय पासवर्ड कधीही पत्रातून मागणार नाही. शाळा किंवा धर्मग्रामाशी ई-मेलने व्यवहार करणाऱ्या प्रापंचिकांनीही हे ध्यानात ठेवावे. पाठविलेल्या महत्त्वाच्या पत्राला आठवड्यात उत्तर आले नाही, तर एक फोन करावा.

सर्व पेट्या गेल्या की जुना सर्व्हर बंद करण्याची घाई होते. तत्पूर्वी त्याच्या नोंदवहीत गेल्या दोन-तीन महिन्यांत त्याच्यामार्फत कोणी कोणी पत्रे पाठविली हे पाहावे. माणसांखेरीज तेथे स्कॅनर, शाळेच्या फीची पावती पाठविणारा कार्यक्रम, दवाखान्याची अहवाल-यंत्रणा अशी मूक मंडळी सापडतात. ती कोणाकडे तक्रार करीत नाहीत. सर्व्हर बंद झाला की त्यांची पत्रे जाणे थांबते, एवढेच. नव्या सर्व्हरला आपल्या डोमेनच्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार असल्याची नोंदही करावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी या बाबतीत नियम कडक केले आहेत, आणि नोंद नसेल तर पालकांना गेलेली सूचना कचऱ्याच्या पेटीत पडते.

शेवटी जुन्या डिस्कचे काय करावयाचे? कॅनन लॉच्या ४८६ व्या कलमानुसार धर्मप्रांत व धर्मग्रामांची कागदपत्रे अत्यंत काळजीपूर्वक जपली पाहिजेत आणि प्रत्येक धर्मप्रांताच्या कार्यालयात अभिलेखागार असले पाहिजे. ते कलम कागदाच्या काळात लिहिले गेले. पण आज अधिकृत पत्रव्यवहार पत्रपेटीत असल्यामुळे पत्रपेटीही अभिलेखच ठरते, असे आम्ही मानतो. म्हणून जुना सर्व्हर प्रथम केवळ जाळ्यातून वेगळा करावा आणि तीन-चार आठवडे तसाच ठेवावा. कोणाचे काही राहिले असेल तर याच काळात कळते. मग संपूर्ण प्रत काढून, ती दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही हे पाहून, एक प्रत चान्सलरांच्या ताब्यातील अभिलेखागारात जमा करावी. त्यानंतरच मूळ डिस्क पूर्णपणे पुसावी किंवा फोडावी. भंगारवाल्याला यंत्र देताना डिस्क काढून घेतली आहे ना, हे तेथे उभे राहून पाहावे. त्या डिस्कवर विवाहविषयक खटल्यांची पत्रेही असू शकतात.