दम वाढतो तो कुठे?

सिद्धेश्वराच्या यात्रेत मकर संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते उंच, जड ध्वज पेलत सोलापुरातल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. त्यासाठी आधीपासून सराव चालतो. अशा सरावानं फुप्फुसं मोठी होतात आणि म्हणून दम टिकतो, असं पुष्कळांना वाटतं.

तसं होत नाही. प्रौढ वयात व्यायामानं फुप्फुसांचा आकार जवळपास बदलत नाही. फार तर श्वासाचे स्नायू बळकट होतात. निरोगी फुप्फुसांकडे मुळातच भरपूर शिल्लक असते. बसल्या जागी मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेणारी हीच फुप्फुसं जोराच्या श्रमात १०० लिटरच्या वर जातात. धाप लागते तेव्हाही रक्तातला प्राणवायू सहसा घटलेला नसतो. स्नायूंत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढलेली असते. ती आवरण्यासाठी मेंदू श्वासाचा वेग वाढवतो.

खरा बदल होतो हृदयात, रक्तात आणि स्नायूंत. नियमित चालण्या-धावण्यानं एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढू लागतो. पुढे काही महिन्यांत हृदयाचा डावा कप्पा अधिक रक्त सामावतो आणि स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं. सराव नसलेला तरुण कमाल श्रमात २० लिटरच्या आसपास पोचतो, तर कसलेला धावपटू ३० च्या पुढे जातो. दोघांचे कमाल ठोके मात्र जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो प्रत्येक ठोक्यातल्या रक्ताचा.

म्हणूनच ‘ठोके मोजून मिळालेत, व्यायामानं ते लवकर संपतात’ ही भीती निराधार आहे. नाडी ७२ असेल तर दिवसाला १,०३,६८० ठोके पडतात. सरावानं ती ६० वर आली आणि रोज तासभर १३० नं पळाली, तरी बेरीज होते ९०,६००.

‘जितका घाम, तितका हृदयाला व्यायाम’ हेही चूक. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा बरंचसं रक्त अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळतं, घामानं पाणी घटतं आणि नेहमीच्याच चालीत नाडी जास्त पळते. ती वाढ उन्हाची असते, तयारीची नव्हे. चालायला पहाटेच निघावं.

जड वजन स्थिर धरलं की आवळलेल्या स्नायूंत रक्तवाहिन्या दबतात आणि रक्तदाब चढतो. श्वास रोखला तर आणखीच. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ध्वज पेलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. श्रमात छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, भोवळ आली, तर ‘सवय नाही’ म्हणून रेटू नये. तिथेच थांबून तातडीनं दवाखाना गाठावा.