पाणी आपणहून का फिरत नाही? (भाग 6)

न्हाणीच्या नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून ते टाकीपासून न्हाणीपर्यंत आणि परत फिरवणाऱ्या पंपाचा टायमर आणि वीजजोडणी आज सांगणार होतो. पण पालीहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते दोन दिवस डोक्यातून जाईना. ते विचारतात, ‘‘सोलरच्या नळ्यांतलं पाणी दिवसभर पंपाशिवाय टाकीत चढतं. मग तेच पाणी न्हाणीपर्यंत जाऊन परतीच्या पाइपातून आपणहून माघारी का येऊ नये? पंप हवाच कशाला?’’ प्रश्न इतका नेमका आहे की वीजजोडणी आठवडाभर थांबेल.

बादलीत हीटरची कांडी लावलेली आठवा. कांडी अर्ध्यापर्यंतच पोचत असेल, तर बटण बंद करून हात घातल्यावर वरच्या पाण्याचा चटका बसतो आणि तळाचं पाणी नुकतं विहिरीतून काढल्यासारखं लागतं. तापलं की पाणी हलकं होतं. 60 अंशांचं लिटरभर पाणी 25 अंशांच्या लिटरभर पाण्यापेक्षा सुमारे 14 ग्रॅमने हलकं भरतं. हलकं ते वर जातं आणि वरच राहतं. पाणी फिरायला हवं असेल तर आच खाली पाहिजे.

सोलरमध्ये तेच साधलेलं असतं. नळ्या खाली, टाकी वर. रात्री नळ्यांतलं पाणी गार पडलं तरी जड होऊन खालीच बसतं, म्हणून टाकीतली ऊब त्या वाटेने फारशी निसटत नाही. इतकी साधी आणि इतकी पक्की मांडणी मला दुसरी माहीत नाही.

हातखंबा तिठ्यावरून मुंबईकडे निघालं की संगमेश्वर तालुक्यात राजवाडी, तुरळ, आरवली इथे गरम पाण्याची कुंडं लागतात. तिथेही हाच नियम. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खूप खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि मागून उतरणाऱ्या गार, जड पाण्याच्या रेट्याने दुसऱ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखी नाही, पंप नाही. आच खाली आहे, बस्स. त्या कुंडात पाय सोडून बसलो की मला आपल्या गच्चीवरच्या नळ्या आठवतात.

घरात मात्र सगळं उलटं होतं. गरम टाकी गच्चीवर, न्हाणी तिच्या खाली. जाणाऱ्या पाइपातलं पाणी गरम, म्हणजे हलकं. परतीच्या पाइपातलं निवलेलं, म्हणजे जड. हलक्याने उतरायचं आणि जडाने चढायचं, हे आपणहून व्हायचं नाही. पण हा विरोध केवढा? 4 मीटर उंची आणि दोन पाइपांत 10 अंशांचा फरक धरला, तर पाण्याच्या जेमतेम 2 सेंटिमीटर उंचीएवढा. बोटाचं एक पेर! त्यात पाइपाचं घर्षण मिळवलं तरी लहानसा पंप पुरतो. म्हणूनच नळाचा जोर वाढवणारा प्रेशर पंप इथे लावू नका, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे. त्यातले कितीतरी पंप गरम पाण्यासाठी बनवलेलेच नसतात.

पत्रात पुढे विचारलंय, परतीच्या पाइपावरचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) वगळला तर? मी वगळला होता. परतीचा पाइप टाकीच्या गार पाण्याच्या लाइनला जोडला, पंप छान चालला, आणि पंप बंद असताना न्हाणीतला गरम नळ सोडला की बादलीत कोमट पाणी. गार लाइनचं पाणी परतीच्या पाइपातून उलटं उतरून गरम पाण्यात मिसळत होतं. दोन दिवस मी सोलरच्या नळ्या पुसत बसलो. दोष तिथे नव्हताच. शेवटी सांधा कापून एनआरव्ही बसवला, बाण टाकीच्या दिशेने. एवढ्या एका तुकड्याने काम झालं.

पंप दिवसभर चालू ठेवायचा मोहही आवरा. आमच्याकडे गच्चीपासून न्हाणीपर्यंत एक इंची सीपीव्हीसी 18 मीटर आहे. त्यात साडेसात लिटरच्या वर पाणी मावतं. मिनिटाला चार लिटर फिरवलं तर दोन मिनिटांत गरम पाणी नळाशी येतं. त्यापुढे पंप चालला तर तो टाकीतली ऊब पाइपाच्या अंगावरून वाऱ्यावर सोडतो आणि सकाळी टाकी निवलेली मिळते. म्हणून न्हाणीच्या दाराशी बटण, दोन मिनिटं, बंद. आषाढात ऊन नसतं आणि पाणचूल पेटते, तेव्हा तर बटणाला हातच लावायचा नाही. पण एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात. तेव्हा दर वेळी गरम पाणी येईपर्यंत मोरीत सोडून द्यायची ती अर्धी बादली किती मोलाची, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

वीजजोडणी पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर बसवलेला पंप ‘चालतो का बघू’ म्हणून प्लगला लावू नका. या पंपांच्या बेअरिंगला तेल नसतं, आतून फिरणारं पाणीच त्यांचं वंगण. आधी पाइप पाण्याने भरा, पंपाच्या तोंडावरचा स्क्रू सैल करून हवा जाऊ द्या आणि थेंब दिसले की घट्ट करा.