भूगर्भांतील पाण्याची विद्युत्परीक्षा

झाडें, वारुळें इत्यादींवरून भूगर्भांतील पाणी ओळखण्याच्या खुणा वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गलाध्यायांत दिल्या आहेत. फ्रान्समध्यें कॉनराड श्लुंबर्जे यानें १९१२ सालीं विजेनें भूमीची परीक्षा आरंभिली. एका रेषेंत चार लोखंडी खुंट्या ठोकावयाच्या. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडून आंतल्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजावयाचा. बाहेरच्या खुंट्या जों जों दूर न्याव्या, तों तों वीज खोल जाते. आपल्या दख्खनचा अभंग काळा पाषाण विजेला फार अडवितो. भेगाळलेला, पाण्यानें भरलेला कमी. मात्र ओली चिकणमातीहि तशीच वागते! यंत्र पाणी पाहत नाहीं, केवळ विरोध मोजतें. (हातावरील नारळ तर तेंहि करीत नाहीं.) तेव्हां कर्ज काढून विंधणविहीर घेणाऱ्यानें मोजणीचा आलेख मागावा व शेजारच्या विहिरींतील थरांशीं तो ताडून पाहिला कीं नाहीं, हें आधीं विचारावें, असें आम्हांस वाटतें.