दोन वीत मातीचं गणित

संपादकांनी धाडलं होतं सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बघायला. बरेचसे विषय जुनेच, नव्या बाइंडिंगमधले. स्थापत्यच्या एका मुलीच्या वहीवर मात्र 'माळवद' लिहिलेलं दिसलं आणि मी तिथेच बसलो.

माळवद म्हणजे जुन्या घरांचं मातीचं छप्पर: तुळयांवर कडीपाट, त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यांत वर पाणी झिरपू न देणारी पांढरी माती. गळलं की आणखी माती चढवायची. पिढ्यान्‌पिढ्या असं चालल्यावर छप्पर जाड होणारच. तिनं हिशेबाला जाडी ४५ सेंटीमीटर धरली, म्हणजे दोन वीत.

छतातून उष्णता किती उतरते ते 'यू' या आकड्यात मोजतात; तो जितका कमी, तितकं बरं. बारा सेंटीमीटरच्या उघड्या स्लॅबचा यू साडेतीनच्या आसपास येतो. दोन वीत मातीचा सव्वा. केंद्राच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'नं छताला घातलेली मर्यादा १.२ आहे! आपल्या आजोबांना संहिता ठाऊक नव्हती, पण त्यांचं माळवद तिच्या उंबरठ्यावर पोचलं होतं. शिवाय दुपारचं ऊन मातीतून आत यायला मध्यरात्र उलटते, आणि तेव्हा माणसं वर माळवदावर झोपलेली असतात. स्लॅबमधून ते तीनेक तासांत उतरतं, विडी कामगार बायका घरात विड्या वळत असतात त्या ऐन वेळी. सोलापूरजवळ कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांना अशीच स्लॅबची दहा हजार घरं मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगरात आणखी पंधरा हजारांचा ताबा दिला गेला. डोक्यावर हक्काचं छत आलं, ही गोष्ट लहान नाही. पण मे महिन्यात त्याच छताखाली दिवसभर मांडी घालून बसायचं असतं.

मग माळवदच का नको? तिनं वहीचं पान उलटलं. एका चौरस मीटरवर सातशे किलोंहून जास्त माती; तीन बाय चारच्या खोलीवर साडेआठ टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीला मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि हेच ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. गारवा देणारं वजन तेच, जीव घेणारंही तेच.

तिचा उतारा म्हणजे स्लॅबवर दोन सेंटीमीटर फोम. कागदावर यू १.२ च्या आत येतो, वजन जवळपास शून्य. फक्त दुपारचं ऊन रात्रीपर्यंत अडवून धरणं फोमला जमत नाही.

अडचणी इथून सुरू होतात. छतावर कुरडया वाळतात, पोरं पतंग उडवतात, उन्हाळ्यात अख्खं घर झोपतं. नुसता फोम चार दिवस टिकायचा नाही. वर फरशी हवी, म्हणजे खर्च आला. फरशीचा उतार चुकला की पाणी साचणार. फोमऐवजी पांढरा चुना लावणं स्वस्त, पण तो धुळीनं मळतो. दरवर्षी हात कोण मारणार? तिनं तापमापक लावायला गच्ची मागितली तर एक मावशी म्हणाल्या, "लाव की गं, पण टाकीचं झाकण उघडं टाकू नकोस."

सगळ्यांत मोठी अडचण वेळापत्रकाची. प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचा आणि सोलापूरचं खरं ऊन मे महिन्यातलं. मार्गदर्शक सर म्हणतात, मार्चचे आकडे चालतील. तिला ते पटत नाही. गुण मिळाल्यावरही मेअखेरपर्यंत मावशींच्या गच्चीवर जायचं तिनं ठरवलंय; तापमापक महाविद्यालयाला परत करायची मुदत वाढवून मिळाली, तर.